इक्बालभाईंची दोन अक्षरं

इक्बालभाईंच्या मुलीचा, तहसीनचा, फोन आला तेव्हा सांगलीच्या आमच्या सर्व्हररूममध्ये मी एकटीच होते आणि पडद्यावर एक मशीन साताऱ्याकडे निघालं होतं. अर्ध्याच्या थोडं पुढं गेलं असेल. "मावशी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिच्यामागे कुणीतरी मोठ्यानं बोलायला लागलं आणि फोन बंद झाला. मला लगेच उठता आलं नाही. मशीन वाटेत असताना कुणीतरी समोर बसायचं, ते पोचलं, नीट बोलायला लागलं की मगच जागा सोडायची, असा आमच्याकडचा रिवाज. तो इक्बालभाईंनीच घालून दिलेला. मी बसून राहिले. पडद्यावरची निळी पट्टी पुढं सरकत होती आणि माझ्या डोक्यात काहीच सरकत नव्हतं... मशीन पोचलं. मी वहीत वेळ लिहिली, सही केली, आणि मग नवऱ्याला फोन करून गाडी आणायला सांगितली.

सांगलीहून लोणंद काही जवळ नाही. आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दुपारच्या नमाजानंतरच त्यांना नेलं होतं. पुरुष मंडळी कब्रस्तानातून परतही आली होती. आत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात शहनाजभाभी. मला बघून त्या म्हणाल्या, "थांबवलं असतं गं, पण ऊन लय होतं." चौदा वर्षं ज्या माणसाशी रोज दिवसातून दहा वेळा बोलले, त्याचं तोंडही शेवटचं बघायला मिळालं नाही. त्याला आता सात आठवडे होऊन गेले. एवढ्या दिवसांत जे घडलं ते लिहून काढल्याशिवाय मला गत्यंतर नाही, म्हणून हे लिहिते आहे.

इक्बाल मुलाणी आमच्या संस्थेत नेटवर्कचं काम बघायचे. संस्थेची दोन रुग्णालयं, एक साताऱ्यात आणि एक सांगलीत. ते साताऱ्याला, मी सांगलीला. त्यांचे वडील लोणंदच्या बाजारपेठेत शिलाईकाम करायचे. इक्बालभाई आयटीआय करून टेलिफोनच्या तारा ओढता ओढता संगणकाच्या तारांकडे आले. इंग्रजी बेताचं, पण कुठल्याही यंत्राचं जाडजूड पुस्तक समोर ठेवून, बोट फिरवत, ओळ न् ओळ समजून घ्यायचे. मी म्हसवडजवळच्या एका गावची. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुण्यात शिकले, लग्न होऊन सांगलीत आले आणि रुग्णालयात नोकरीला लागले. माझ्याकडे मशीन आणि त्यांच्याकडे त्या मशीनना जोडणारे रस्ते, अशी वाटणी.

वाचकांना कदाचित हे माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. रुग्णालयात रक्तपेढीचा एक संगणक, औषधांचा एक, एक्स-रेचा एक, असे वेगवेगळे डबे आता नसतात. चार-पाच मोठी लोखंडी खोकी असतात आणि त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरनं मांडलेले तीस-चाळीस संगणक एकाच वेळी चालतात. त्यांना आभासी मशीन म्हणतात. एक खोकं बिघडलं तर त्यातली मशीन चालू असतानाच उचलून दुसऱ्या खोक्यात नेता येतात. हे माझं काम. पण मशीन नव्या जागी गेलं तरी त्यानं कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, कुठल्या दारानं जायचं, हे ठरवतं नेटवर्क. पूर्वी मी एखादं मशीन तयार केलं किंवा हलवलं की इक्बालभाईंना कागद पाठवायचा, आणि ते साताऱ्यात बसून हातानं त्याचा रस्ता उघडून द्यायचे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातच त्यांचा पहिला फोन आला. ओळख ना पाळख. "ताई, तुमी मशीन बनवताय का पापड लाटताय? सकाळधरनं पाच झाली!" मी घाबरले. मग त्यांचं ते खो खो हसणं. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढे संस्थेनं नेटवर्कसुद्धा सॉफ्टवेअरनं चालवायचं ठरवलं. म्हणजे सगळ्या रस्त्यांचा कारभार एका जागेवरून, लिहिलेल्या नियमांप्रमाणे. आता माझी मशीन आणि त्यांचं हे नवं नेटवर्क यांची आपापसात ओळख घालून द्यायची होती. मी मशीन हलवलं की नेटवर्कला आपोआप कळलं पाहिजे आणि मशीनचे सगळे नियम त्याच्या मागोमाग नव्या जागी गेले पाहिजेत. पुण्याच्या कंपनीची माणसं आली, तीन दिवसांत बसवून, फोटो काढून गेली. पुढचे सात महिने आम्ही दोघं निस्तरत होतो. मला त्यातलं काही उमजेना तेव्हा इक्बालभाई म्हणाले, "तुझे वडील फौजेत होते ना? मग सोपं हाय. जवानाची बदली झाली. जवान नव्या युनिटच्या गेटवर पोचला, पण त्याचे कागद मागंच राहिले. गेटवरचा शिपाई आत सोडंल का? न्हाई सोडणार. मानूस तोच, वर्दी तीच, पण गेटच्या भाएर. आपल्याला काय करायचंय... कागद आणि मानूस एका गाडीनं धाडायचं." वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बराबर बोलतोय तुझा सायेब." त्यानंतर वडील मला दर आठवड्याला विचारायचे, "कागद पोचलं का गं?"

ते पोचले एका ऑगस्टमध्ये, आणि कसे पोचले ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या दिवसाशी बांधलेलं आहे. कृष्णेचं पाणी दोन दिवस चढत होतं. आमची सर्व्हररूम तळमजल्यावर. सकाळी नऊ वाजता पाणी मागच्या गल्लीत आलं आणि वरून आदेश आला, सांगलीतली सगळी मशीन साताऱ्याला हलवा. जोडणीचं काम आमच्या दृष्टीनं झालंच होतं, फक्त एक गोष्ट राहिली होती. नेटवर्कला माझ्या यंत्रणेत येऊन बघायचं तर तिथं त्याच्या नावाचं एक खातं लागतं, म्हणजे नाव आणि पासवर्ड. ते कुणा माणसाच्या नावावर नसावं, जोडणीसाठी म्हणून वेगळं असावं, आणि त्याला कार्यालयाची मंजुरी लागते. मंजुरी देणारे अधिकारी पलीकडच्या काठावर अडकलेले. फोन लागेना. मी पहिलं मशीन पाठवलं, रक्तपेढीचं. ते साताऱ्याला पोचलं आणि मुकं झालं. चालू होतं, पण कुणाशी बोलेना. कागद मागंच राहिले होते.

"वैशाली," इक्बालभाई फोनवर म्हणाले, "मी माझं खातं घालतो तिथं. माझं नाव, माझा पासवर्ड."

"आवं, पण तसं चालत नाही ना. तुमचं खातं उद्या बंद झालं तर?"

"माझं कशाला बंद हुतंय उद्या? तात्पुरतं घालू. पानी वसरलं की बदलू."

त्यांनी घातलं. पाच मिनिटांत रक्तपेढी बोलायला लागली. मग मी एकेक मशीन सोडत गेले आणि ते तिकडून हाक मारत गेले, "आलं... आलं... ह्ये बी आलं." दुपारी चारला शेवटचं मशीन गेलं तेव्हा उंबऱ्याशी पाणी होतं आणि मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. वरच्या मजल्यांवर पेशंट होते, डायलिसिस चालू होतं, एकाही डॉक्टरला कळलं नाही की त्यांचे संगणक आता सांगलीत नाहीत. इक्बालभाई शेवटी म्हणाले, "आता उठ गं बाई. तू तेवढी ऱ्हायलीस."

पाणी ओसरलं. आम्ही खातं बदललं नाही. मंजुरीचा अर्ज केला, तो काहीतरी शंका काढून परत आला, मग सर्व्हररूम वरच्या मजल्यावर न्यायचं काम निघालं, मग आणखी काही. चालतंय ना, मग चालू दे. तात्पुरतं केलेलं काम कसं मुरतं ते कुठल्याही कार्यालयातल्या माणसाला विचारा. दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघांच्याही मनातून ते गेलं. निदान माझ्या तरी गेलं.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. मग एका दुपारी ते काही सामान घेऊन सांगलीला आले होते. नेटवर्कच्या तारेच्या टोकाला प्लास्टिकची छोटी जीभ असते, ती दाबली की तार निघते. इक्बालभाई ती दाबत होते आणि तार निघत नव्हती. "टोकच खराब हाय," म्हणाले. दुसरी घेतली. तीही निघेना. तिसरीही खराब म्हणाले. मी सहज हात घातला आणि दाबली. अलगद निघाली. त्यांनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे असं पाहिलं... कुणीतरी अनोळखी माणूस शेजारी येऊन बसल्यासारखं. मग खिशात हात घालून म्हणाले, "चहा घेऊ चल."

दोन महिन्यांत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. तपासण्या आमच्याच सांगलीच्या रुग्णालयात झाल्या. अहवाल शनिवारी तयार झाला, पण मेंदूचे डॉक्टर गावाला गेलेले, सोमवारी येणार. शनिवारी दुपारी इक्बालभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "माझा रिपोर्ट तुझ्याच मशीनवर हाय न्हवं? बघतीस का जरा?"

मी म्हणाले, "मला दिसत नाही तो, इक्बालभाई. आमच्या खोलीतून पेशंटच्या फायलींकडं जायचा रस्ता तुम्हीच बंद केलाय. आपल्यापैकी कुणी बघू नये म्हणून."

ते विसरले नव्हते. विसरणारा माणूसच नव्हता तो. मग हळू म्हणाले, "व्हय की... मीच."

"तुम्ही उघडू शकता," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मला त्यांचा तो आवाज ऐकवत नव्हता.

"उघडू शकतो. दोन मिन्टाचं काम हाय. पर आज मी माझ्यासाटी उगडला, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू? ऱ्हाऊ दे. सोमवार काय लांब न्हाई."

ते दोन दिवस त्यांनी कसे काढले ते मला माहीत नाही. मी ते विचारलंही नाही. माझ्या खोलीतून दोन भिंती पलीकडे, मी रोज पुसून-लोटून चालू ठेवते त्या खोक्यात, त्यांच्या आयुष्याचा निकाल लिहून ठेवलेला होता आणि मी त्यांना "जेवलात का?" असं विचारून फोन ठेवला.

सोमवारी मी त्यांच्यासोबत होते. शहनाजभाभी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना आत नको म्हणाले. डॉक्टर तरुण होते, फार चांगलं समजावून सांगत होते. मेंदू ठीक आहे, स्नायूही मुळात ठीक होते, पण मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी मरत चालल्यात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. इक्बालभाई मान हलवत ऐकत होते, कामाचं ऐकायचे तसे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "डॉक्टरसाहेब, दुसऱ्या रस्त्यानं न्हाई का धाडता येत?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो काका. दुसरा रस्ता नाहीये." बाहेर आल्यावर भाभींना त्यांनी सांगितलं, "नसंचं दुखणं हाय. वेळ लागंल."

वेळ फार लागला नाही. सहा महिने काठी घेऊन कामावर येत राहिले. लोणंदहून साताऱ्याला तहसीन त्यांना स्कूटरवर घेऊन यायची. ती तिथंच एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. बाप मागं बसून लेकीच्या खांद्याला धरून. मग धरताही येईना, तेव्हा त्यांनी लांब रजा घेतली. राजीनामा द्यायचं नाव काढलं नाही, आणि संस्थेनंही मागितला नाही, एवढी माणुसकी दाखवली. कागदोपत्री ते शेवटपर्यंत आमचेच राहिले. सुरुवातीला फोनवर बोलायचे. शब्द एकमेकांना चिकटायला लागले तसे बोलणं कमी केलं. मी बोलायची आणि ते ऐकायचे. अमुक मशीन अडकलं, नवी मुलगी प्रणाली तुमच्या जागी आलीय, हुशार आहे, पण वहीत वेळ लिहायला विसरते. तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. पुढे पुढे मला ते फोन करवेनात. आज उद्या करत आठवडे गेले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं आहे ते.

मी त्यांना शेवटचं भेटले ते त्यांच्या जाण्याआधी एकोणीस दिवस. लोणंदच्या घरी पुढच्या खोलीत पलंग टाकला होता, खिडकीशी. फक्त डोळे हलत होते. तहसीननं पारदर्शक प्लास्टिकचा एक मोठा कागद आणून त्यावर जाड पेनानं मुळाक्षरं लिहिली होती. काना-मात्रा नाहीत, नुसती अक्षरं, कारण काना-मात्रांनी ते थकून जायचे. तो कागद त्यांच्यासमोर धरायचा, एकेका ओळीवरून बोट न्यायचं, हवी ती ओळ आली की ते डोळे मिटून उघडायचे, मग त्या ओळीतलं अक्षर तसंच. एका शब्दाला पाच-सात मिनिटं लागत. बरेचदा पहिल्या दोन अक्षरांवरून घरची माणसं पुढचं ओळखायची. प, ण म्हटलं की पाणी. ड, स म्हटलं की डास. ओळखलेलं बरोबर असलं की ते पुन्हा डोळे मिटायचे. डोळे मिटणं म्हणजे हो, असं ठरलं होतं.

मी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकटक बघितलं आणि मग त्या कागदाकडे. तहसीन म्हणाली, "मावशी, तुमच्याशी बोलायचंय त्यांना." मी कागद धरला. कागद मोठा होता म्हणून तिनं दुसरी बाजू धरली. पहिली ओळ, डोळे मिटले. क, नाही. ख, हो. पुढचं अक्षर शोधायला खूप वेळ गेला, मी दोनदा ओळ चुकले. शेवटी त. ख आणि त. मी विचार करत होते. तेवढ्यात शहनाजभाभी दारातून म्हणाल्या, "खात न्हाई ही, खाऊन जा म्हनत्यात! लांबनं आलीय न्हवं ती." त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या कोण जाणे. "व्हय की न्हाई हो? खाऊन जायचं न्हवं तिनं?" त्यांनी विचारलं. इक्बालभाईंचे डोळे भाभींकडे गेले, माझ्याकडे आले, परत कागदावर गेले. तिथं थांबले. आणि मग मिटले... "बघ, व्हय म्हनले," म्हणत भाभी आत गेल्या, गरम भाकरी आणि मटणाचा रस्सा घेऊन आल्या आणि मी त्यांच्या पलंगाशेजारी बसून पोटभर जेवले. जेवताना दोनदा वर पाहिलं. दोन्ही वेळा ते माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, जेवतेय म्हणून बरं वाटतंय त्यांना. तहसीन कागद गुंडाळत होती. निघताना मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि आले.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी कार्यालयाकडून नेहमीचं पत्र आलं. मयत कर्मचाऱ्याची सर्व यंत्रणांमधली खाती बंद करण्यात यावीत. असं पत्र दरवेळी माझ्याकडेच येतं. मी त्यांचं नाव शोधलं, आणि समोरचं बटण दाबलं. रडले थोडी. दार लावून घेतलं होतं म्हणून कुणी बघितलं नाही. त्या घटकेला मला फक्त एवढंच वाटलं की हे शेवटचं काम आपल्या हातून व्हायचं होतं. दुसरं काही आठवलं नाही. अजिबात नाही.

तीन दिवस काहीच झालं नाही. जागच्या जागी असलेल्या मशीनना फरक पडत नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक खोकं तापायला लागलं म्हणून मी औषधभांडाराचं मशीन साताऱ्याला पाठवलं. ते पोचलं आणि मुकं झालं. खाली औषधाच्या खिडकीवर रांग थांबली. भांडारातली मुलं हातानं चिठ्ठ्या लिहायला लागली. एक म्हातारी कर्नाटक सीमेवरच्या कुठल्याशा गावाहून आलेली, तिची परतीची एसटी चुकणार म्हणून काकुळतीला आलेली, हे मला नंतर कळलं. मी आणि प्रणाली फोनवर एकेक गोष्ट तपासत होतो. मशीन ठीक. नेटवर्क ठीक. दोन्ही चालू, पण एकमेकांना ओळखत नव्हती. वीस-पंचवीस मिनिटांनी प्रणाली म्हणाली, "मॅडम, इथं लिहून येतंय की जोडणीचं खातं बंद आहे. खातं बदला म्हणतंय."

खातं.

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. ख आणि त. खातं बदल. पाय, हात, जीभ, सगळं सोडून गेलेला तो माणूस, एकेका अक्षराला दोन-तीन मिनिटं मोजून, मला एवढंच सांगत होता की वैशाली, मी जाणार आहे, तिथं माझं खातं आहे, ते बदल. आणि मी समोर बसून रस्सा-भाकरी खाल्ली. ते डोळे माझ्याकडे का बघत होते ते मला तेव्हा कळलं. आणखी तीन अक्षरं लागली असती. कदाचित एकच पुरलं असतं. ब आलं असतं तरी मला कळलं असतं, मी शपथेवर सांगते. भाभींच्या प्रश्नावर त्यांनी डोळे मिटले ते 'हो' नव्हतंच. ते थकले होते. किंवा भाभी हसल्या ते त्यांना मोडवलं नाही. यातलं काय खरं, हे आता कुणाला विचारू?

"मॅडम? ऐकताय ना?" प्रणाली विचारत होती. "तात्पुरतं सरांचं खातं परत सुरू करायचं का? रांग थांबलीय खाली."

मी सुरू केलं. दुसरा उपाय नव्हता. त्यांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'सक्रिय' आलं, आणि अर्ध्या मिनिटात औषधभांडार बोलायला लागलं. प्रणाली म्हणाली, "आलं, मॅडम." ती दुपार मी त्या नावासमोर बसून काढली. मंजुरी मिळायला संध्याकाळचे पाच वाजले. तीच मंजुरी, जिच्यासाठी पुरापासून इतकी वर्षं सवड झाली नव्हती, ती एका फोनवर मिळाली. वेगळं खातं तयार केलं, जोडणीत घातलं, एक मशीन पाठवून बघितलं, पोचलं. मग इक्बालभाईंचं खातं मी दुसऱ्यांदा बंद केलं. पहिल्यांदा रडू आलं होतं तसं या वेळी आलं नाही. कुणाचा तरी हात हातातून सोडवून घेतल्यासारखं वाटलं, आणि तेही त्यानं स्वतः सोडवून घ्यायला सांगितलेलं असताना, इतका उशीर करून.

चाळिसाव्या दिवशी मी लोणंदला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पुढच्या खोलीतला पलंग काढला होता, तिथं सतरंजी घातली होती. मी ठरवून गेले होते की भाभींना सगळं सांगायचं, माफी मागायची. पण मला बघताच भाभींनी शेजारच्या बायकांना सांगितलं, "हीच ती सांगलीची वैशाली. ह्यांचं शेवटचं बोलनं म्हंजी हिलाच. त्याच्यानंतर आमच्यासंगट बी काय बोलले न्हाईत, कागद धरला तरी बघायचे न्हाईत. हिला म्हनले, खाऊन जा. जाताना बी दुसऱ्याच्या पोटाची काळजी..." बायका माना हलवत होत्या. एकीनं पदरानं डोळे टिपले. हे भाभी आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत असणार, ते त्यांच्या सांगण्यावरूनच कळत होतं. मग मला माफी मागता आली नाही.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले तेव्हा तहसीन पाणी घेऊन मागोमाग आली. तांब्या माझ्या हातावर धरला. मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी अब्बांचं पुरं झालं नव्हतं ना? मी दुसऱ्या बाजूनं कागद धरला होता. डोळे मिटायच्या आधी ते ब वर थांबले होते. मी अम्मीला बोलले नाही."

मी तिला सांगितलं. पुराचा दिवस, ते खातं, औषधाची खिडकी, सगळं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझ्या हातावर पाणी घालत राहिली. माझे हात धुऊन झाले होते तरी घालत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे कामाचंच होतं."

"कामाचंच होतं."

"अम्मीला सांगू नका."

आत भाभींची हाक आली. सतरंजीवर, जिथं त्या पलंगाची उशाकडची बाजू होती, बरोबर त्याच जागी त्यांनी माझं पान वाढलं होतं. मला भूक नव्हती. भाभी समोर येऊन बसल्या, भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "खा गं. त्यांनी सांगितलंय." मी मान खाली घातली आणि जेवायला लागले.